फ्रँकफर्ट ते लिस्बन विमानाला किती वेळ लागतो, घरबसल्या कसं काढायचं

भाचा जर्मनीत शिकतोय, मे महिन्यात तो फ्रँकफर्टहून लिस्बनला निघालेला आणि तिकिटाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, 10 ला सुटणार, 12 ला पोचणार. इकडं कोल्हापुरात राजारामपुरीत ताईनं सरळ वजाबाकी केली, 2 तास. आपल्या घड्याळात दुपारी दीडला विमान सुटलं, साडेतीन झाले तरी पोराचा फोन बंद, चार वाजले, ताईच्या हातातल्या चहावर साय धरली पण घोट काय घेतला नाही बिचारीनं. साडेचारला मेसेज आला, पोचलो. विमान अगदी वेळेत होतं, हिशोब चुकलेला, कारण लिस्बनचं घड्याळ फ्रँकफर्टच्या 1 तास मागं असतं, त्यामुळं प्रवास 3 तासांचा होता. येताना उलटं होतं, 1 ला सुटून 5 ला पोचणार असं दिसतं, पण तास तीनच.

म्हणून आधी अंतर काढा. आपल्याला रस्त्याची सवय, रत्नागिरीला आंबा घाटातनं सव्वाशे किमीच्या पुढं जातं, पण नकाशावर सरळ रेघ मारली तर 105 च्या आसपासच भरतं. विमानाचं अंतर म्हणजे ही सरळ रेघ. गूगल मॅप्सवर मेझर डिस्टन्स आहेच, पण घरात पोरांचा पृथ्वीगोल असेल तर खरंच एकदा दोरा ताणून बघा, एक टोक फ्रँकफर्टवर अंगठ्यानं दाबायचं, दुसरं लिस्बनवर, मग तेवढाच दोरा विषुववृत्तावर धरायचा, अख्खा वेढा 40,000 किमीचा, त्यावरनं अंदाज येतो. 30 सेंमी व्यासाच्या गोलावर दोरा जेमतेम साडेचार सेंमी भरतो. खरं अंतर साधारण 1,870 किमी.

आता वेळ. विमानाचा वेग ताशी 800 किमी धरून अंतराला 800 नं भागा आणि वर 40 मिनिटं टाका. 1,870 चे झाले 2 तास 20 मिनिटं, अधिक 40, म्हणजे 3 तास. ही 40 मिनिटं कशाला, तर तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, त्यात रनवेपर्यंत जाणं येतं आणि चढता-उतरताना वेगही कमी असतो. माद्रिद-लिस्बन 510 किमी, तिथं उडणं 40 आणि वरचे 40, म्हणजे 1 तास 20 मिनिटं, आणि घड्याळात मात्र 10 ला सुटून 10:20 ला पोचलेलं दिसतं! वारा बहुतेक पश्चिमेकडनं असतो, त्यामुळं लिस्बनला जाताना थोडं जास्त लागतं, येताना कमी.

तिकीट काढताना विमानतळाचं पूर्ण नाव वाचा, फ्रँकफर्ट-हान हा वेगळा विमानतळ आहे, शहरापासनं 100 किमीच्या वर लांब. आणि भारतातनं येऊन फ्रँकफर्टला विमान बदलणार असाल तर पासपोर्टची तपासणी तिथंच होते, लिस्बनला नाही, रांग मोठी असते, मधे निदान 2-3 तास तरी ठेवाच.