वेब प्रॉक्सीमागचा टॉर रिले: दोष कसा शोधावा

टॉर रिले (निनावी टॉर जाळ्यातील वाहतूक पुढे नेणारा सर्व्हर) सुरू आहे, लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) मोठी चूक नाही, तरीही नेटवर्कच्या यादीत त्याचे नाव येत नाही, अशी स्थिती असेल तर आधी एक गोष्ट निश्चित करावी: मधली प्रॉक्सी (दोन टोकांच्या मध्ये राहून जोडण्या पुढे नेणारी यंत्रणा) बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी आहे की बाहेरून येणाऱ्या?

कार्यालयात किंवा महाविद्यालयात असणारी स्क्विडसारखी प्रॉक्सी पहिल्या प्रकारची. टॉरमध्ये ‘एचटीटीपीएसप्रॉक्सी’ हा पर्याय आहे खरा, परंतु तो रिलेने स्वतः केलेल्या जोडण्या तेवढ्या प्रॉक्सीतून नेतो. बाहेरून रिलेपर्यंत येऊ पाहणाऱ्यांना त्याचा काहीही उपयोग नाही. शिवाय स्क्विडची मूळ संरचना ‘कनेक्ट’ (थेट जोडणी मागणाऱ्या) विनंतीला केवळ ४४३ या पोर्टसाठी, म्हणजे सुरक्षित संकेतस्थळांच्या नेहमीच्या दारासाठी, मान्यता देते, तर इतर रिले ९००१ पासून कोणत्याही पोर्टवर असू शकतात, त्यामुळे प्रॉक्सीने ४०३ हा नकाराचा संकेत परत पाठवल्याच्या ओळी लॉगमध्ये दिसू लागतात. ‘फॅसिस्टफायरवॉल’ हा मोजक्याच पोर्टवर जोडण्या करायला लावणारा पर्यायही येथे चालत नाही, कारण तो फक्त वापरकर्त्यांसाठी आहे. अशा जागी रिले चालवण्याचा नाद सोडावा, हेच माझे मत.

दुसरा प्रकार मात्र सुटण्यासारखा आहे. एकाच सर्व्हरवर संकेतस्थळ आणि रिले दोन्ही असतात, ४४३ पोर्ट एनजिनएक्स या वेब सर्व्हर-प्रॉक्सीच्या ताब्यात असते, आणि रिलेलाही तेच पोर्ट हवे असते, कारण कडक फायरवॉलमागच्या वापरकर्त्यांना बहुधा तेवढेच खुले असते. येथे हमखास होणारी चूक म्हणजे टीएलएस (जोडणीचे कूटलेखन) एनजिनएक्सवरच उलगडणे. टॉरची जोडणी करताना रिलेची ओळख त्या टीएलएस प्रमाणपत्राशी बांधलेली असते. मध्ये दुसऱ्याचे प्रमाणपत्र आले की पडताळणी फसते. म्हणून ‘एचटीटीपी’ विभागाऐवजी ‘स्ट्रीम’ विभाग वापरून, ‘एसएसएल प्रीरीड’च्या साहाय्याने जोडणाऱ्याने मागितलेल्या संकेतस्थळाचे नुसते नाव वाचावे आणि बाइट जसेच्या तसे पुढे सोडावेत.

या नावांच्या वाटणीत कोणते नाव कोठे जाते, हे महत्त्वाचे आहे. टॉर जोडणी करताना ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ने सुरू होऊन ‘डॉट कॉम’ने संपणारे यादृच्छिक नाव पाठवते, म्हणून आपल्या संकेतस्थळाचे नाव तेवढे ओळखून ते संकेतस्थळाकडे वळवावे आणि उरलेले सर्व, म्हणजे ‘डीफॉल्ट’, टॉरच्या ९००१ पोर्टकडे. संकेतस्थळ त्याआधी ८४४३ सारख्या अंतर्गत पोर्टवर हलवावे लागते, नाहीतर पत्ता आधीच वापरात असल्याचे सांगून एनजिनएक्स सुरूच होणार नाही. टॉरच्या संरचनेत ओआरपोर्टच्या (रिले ज्यावर जोडण्या घेतो त्या पोर्टच्या) दोन ओळी लागतात: ४४३ ची ओळ ‘नोलिसन’सह (जाहीर करा, पण ऐकू नका), आणि १२७.०.०.१ या सर्व्हरच्या स्वतःच्या अंतर्गत पत्त्यावरील ९००१ ची ‘नोॲडव्हर्टाइझ’सह (ऐका, पण जाहीर करू नका).

आता तपासणी दुसऱ्या जाळ्यातून करावी, त्याच सर्व्हरवरून नव्हे. ओपनएसएसएलचा ‘एस_क्लायंट’ (टीएलएस जोडणी तपासणारी आज्ञा) वापरून, कोणतेही भलतेच नाव देऊन, ४४३ वर जोडून पाहावे: समोर आपल्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्र आले तर वाटणी उलटी झाली आहे, ‘डॉट नेट’ने संपणाऱ्या अर्थहीन नावाचे प्रमाणपत्र आले तर वाहतूक टॉरपर्यंत पोहोचते आहे.

एवढे होऊनही आठवड्याभराने रिले मंदावला, तर दोन गोष्टी पाहाव्यात. एनजिनएक्समध्ये प्रत्येक वर्करच्या (काम करणाऱ्या प्रक्रियेच्या) जोडण्यांची मूळ मर्यादा ५१२ आहे, आणि प्रॉक्सीमधील प्रत्येक जोडणी दोनदा मोजली जाते, म्हणजे हाती उरतात २५६. रिलेला त्याहून कितीतरी जास्त लागतात. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे: सर्व जोडण्या १२७.०.०.१ वरून आल्यासारख्या दिसतात, आणि एकाच पत्त्यावरून इतक्या जोडण्या येणे हा टॉरच्या दृष्टीने हल्ला ठरू शकतो. ‘प्रॉक्सी बाइंड’चा पारदर्शक प्रकार, ज्यात मूळ पत्ता तसाच पुढे जातो, हा त्यावरचा उपाय, पण त्यासाठी वाढीव अधिकार आणि वेगळे राउटिंग लागते, सर्व्हरला दुसरा आयपी पत्ता मिळत असेल तर मी प्रॉक्सीच काढून टाकेन. तोपर्यंत एनजिनएक्सच्या स्ट्रीम विभागातील प्रवेश-लॉग बंदच असू द्यावा, कारण टॉर स्वतःच्या लॉगमध्ये जे पत्ते झाकते, ते शेजारच्या फाइलमध्ये उघडे ठेवण्यात काय अर्थ आहे?

ओआरपोर्ट बाहेरून पोहोचण्याजोगे असल्याची नोंद लॉगमध्ये यावी लागते. २० मिनिटांत ती न आल्यास टॉर स्वतःच तक्रार करते. नोंद आल्यावरही निर्देशिका-प्राधिकरणे (रिलेंची यादी ठरवणारे टॉरचे सर्व्हर) तासाला एकदाच एकमत, म्हणजे ती यादी, प्रसिद्ध करतात, म्हणून रिले टॉरच्या शोधपानावर दिसण्यास काही तास जाऊ द्यावेत, आणि नव्या रिलेला पहिले काही दिवस वाहतूक तुरळकच मिळते म्हणून चाललेली संरचना पुन्हा उकरायला बसू नये.