ऑफिसातला कॉमन पीसी लॉक करताय? या चुका टाळा

रत्नागिरी ते देवगड या पट्ट्यात कॉम्प्युटरची कामं करत फिरतो, त्यात मला फोन येतात ते दोनच प्रकारचे. पहिला, "पोरांनी पीसीची वाट लावली, सगळं बंद करून टाक." आणि पंधरा दिवसांनी त्याच माणसाचा दुसरा, "अरे जरा उघडून दे, काम अडलंय." मधल्या पंधरा दिवसांत काय होतं तर कोणीतरी वैतागून ॲडमिनचा, म्हणजे पीसीत काहीही बदलायची मुभा असलेल्या अकाउंटचा, पासवर्ड मागून घेतो, तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवतो, आणि सगळी मेहनत पाण्यात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकच लॉगिन, तेही ॲडमिनचं, आणि ते पाचजण वापरतायत. विंडोज टाकताना जे पहिलं अकाउंट बनतं ते ॲडमिनच असतं, आपल्याकडे दुसरं बनवायच्या फंदात कोणी पडत नाही. मग स्क्रीन काळी होऊन "येस की नो" विचारते तेव्हा पोरगा न वाचता येस दाबतो, कारण रोज तेच दाबायची सवय. स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांचं अकाउंट असेल तर तिथेच ॲडमिनचा पासवर्ड मागते, काम तिथेच थांबतं. आणि काही घडलं तरी कोणी केलं ते कळायला मार्ग नाही, सगळेच "मी नाही, मी नाही".

बरं, ॲडमिन वेगळा केला तरी पाचही मशीनला एकच पासवर्ड ठेवतात. हे लांबचं प्रकरण वाटत असेल तर उरणला बघा. २७ जून २०१७ ला युक्रेनमधून सुटलेल्या नॉटपेट्या व्हायरसने तिथल्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं होतं. ते पसरायची एक पद्धतच अशी होती की मशीनच्या मेमरीतून लॉगिनची माहिती उचलायची आणि तीच वापरून शेजारच्या मशीनवर उडी मारायची. आपलं ऑफिस पाच पीसीचं असलं म्हणून काय झालं.

करायचं कसं? नवीन ॲडमिन अकाउंट बनवा, त्यात एकदा स्वतः लॉगिन करून बघा, आणि मगच जुनं रोजचं अकाउंट स्टँडर्ड करा. उलट करू नका, म्हणजे जुनं ॲडमिन ठेवून स्टाफला कोरं अकाउंट देऊ नका, डेस्कटॉप, सेव्ह केलेल्या फाइली, प्रिंटरची सेटिंग सगळं गायब दिसतं आणि लोक पहिल्याच दिवशी बोंब मारतात.

आता यानंतरची गंमत. दुसऱ्या दिवशी अकाउंटिंगचं जुनं सॉफ्टवेअर उघडत नाही, कारण त्याचा डेटा प्रोग्राम फाइल्सच्या आत आहे आणि तिथे स्टँडर्ड युजरला लिहिता येत नाही. इथेच शंभरातले नव्वद जण हार मानतात आणि परत ॲडमिन देऊन टाकतात. अहो, फक्त त्या डेटाच्या फोल्डरवर राइट क्लिक करा, सिक्युरिटीत जाऊन त्या युजरला मॉडिफायची परवानगी द्या, झालं. त्याहून बरं म्हणजे डेटा डी ड्राइव्हला हलवा. प्रिंटरचंही तसंच, ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला ॲडमिन लागतो, तेव्हा लॉक करायच्या आधी स्वतः बसून सगळे प्रिंटर टाकून एकेक टेस्ट पेज काढा.

ग्रुप पॉलिसीची, म्हणजे पीसीवर काय चालेल नि काय नाही याचे विंडोजमधले नियम लावायची, चूक मी स्वतः केलीय म्हणून जरा सविस्तर सांगतो. देवगड साइडला एक आंबा पॅकिंगवाले, एप्रिलचे दिवस, पेट्यांची थप्पी छतापर्यंत, आणि पोरं बिलिंगच्या पीसीवर गेम खेळतायत. मी हे नियम लावायचं जीपीएडिट उघडलं, "फक्त हेच प्रोग्राम चालू द्या" ही पॉलिसी लावली, यादीत बिलिंग, ब्राउझर, एक्सेल टाकलं आणि खुशाल निघालो. कोपऱ्यावर चहा घेत होतो तोवर मालकांचा फोन, "माजोच कंप्युटर नि माकाच काय करूक देणा नाय!" युजर कॉन्फिगरेशनमधली पॉलिसी अशी सरळ लावली तर ती त्या मशीनवरच्या प्रत्येक माणसाला लागते, ॲडमिनलासुद्धा, आणि यादीत पॉलिसी उघडायचा प्रोग्रामच नव्हता. म्हणजे घराला कुलूप लावून चावी आत.

त्यातून सुटलो कारण सुदैवाने सुरू करण्याआधी रिस्टोर पॉइंट, म्हणजे विंडोजची त्या वेळची सेटिंग परत आणायची सोय, बनवला होता. लॉगिन स्क्रीनवर शिफ्ट दाबून रिस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, सिस्टम रिस्टोर. बऱ्याच मशीनवर हे मुळात बंदच असतं, आधी चालू करून घ्या. आणि पॉलिसी लावायचीच तर विंडोजमधलंच एमएमसी हे टूल उघडा, ॲड स्नॅप-इनमधून ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटर घ्या, ब्राउझ करून युजर्सच्या टॅबमध्ये "नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्स" निवडा. मग ती फक्त स्टाफला लागते. विंडोज होम असेल तर जीपीएडिट नसतंच, यूट्यूब बघून कुठून कुठून डाउनलोड करत बसू नका, स्टँडर्ड अकाउंटवरच भागवा.

पेनड्राइव्ह बंद करताना लोक डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन यूएसबी कंट्रोलरच डिसेबल करतात, आणि मग माउस मेला, कीबोर्ड मेला, आता परत चालू करणार कशाने? बंद करायचं ते फक्त स्टोरेज. डिजिटल सिग्नेचरच्या डोंगलची आठवण ठेवा, काही डोंगल आधी सीडी ड्राइव्हसारखे दिसतात आणि ड्रायव्हर त्यातूनच येतो, म्हणून स्टोरेज बंद करायच्या आधी तो टाकून घ्या. नाहीतर २० तारखेला जीएसटी भरायला बसाल आणि डोंगल ओळखणारच नाही.

रिस्टार्ट केलं की पीसी होता तसा परत, असं फ्रीझ करणारं सॉफ्टवेअर क्लासमध्ये झकास चालतं. मायक्रोसॉफ्टचं फुकटचं स्टेडीस्टेट होतं ना, त्यात ही सोय होती, ते २०१० अखेर बंद केलं तरी लोक अजून शोधतात. पण तारकर्लीच्या एका लॉजच्या रिसेप्शनवर कोणीतरी तसलंच एक लावून गेलेला, बुकिंगची एक्सेल शीट डेस्कटॉपवर, आणि जूनमध्ये आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. दिवसभराच्या नोंदी सफाचट. फ्रीझ करायचं तर सी ड्राइव्ह करा, कामाच्या फाइली मोकळ्या ड्राइव्हवर ठेवा आणि यूपीएस लावा.

विंडोजमध्ये कितीही कुलपं लावा, पेनड्राइव्हवरून बूट होत असेल तर सगळं फुकट, म्हणून बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगला, पासवर्ड हवाच. त्याच्या जोडीने बिटलॉकरची, म्हणजे अख्खी डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची, की बघा. नवीन लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि ४८ आकडी की जाते ज्याच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केला त्याच्याकडे. तो क्लार्क मुंबईला नोकरीला गेला आणि इकडे मदरबोर्ड बदलल्यावर मशीनने ती की मागितली तर बसा त्याला फोन लावत. ही की आणि पासवर्ड कागदावर लिहून मालकाकडे ठेवा, पण दोन ठिकाणी. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलेलं, खालच्या कपाटातला कागद काय राहणार.

ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह करणं बंद करा, संध्याकाळी व्हॉट्सॲप वेब लॉगआउट. पाच मिनिटांत स्क्रीन लॉक होऊ दे, एका मिनिटाचं लावू नका, काट्यामुळे माउस हलतोय असं वाटून लॉक होऊ नये म्हणून लोक माउसखाली घड्याळ ठेवतात, खरंच ठेवतात.

सीझनच्या पोरांची अकाउंट वेगळी बनवा. पाऊस लागून ती गावी गेली की डिसेबल करा, डिलीट नको, कारण मार्चमध्ये सीए मागच्या सीझनचं एखादं चलन मागतो आणि ते नेमकं त्या पोराच्या डाउनलोड्समध्ये पडलेलं असतं.