लँडलाइनचं बिल: आधी वाचा, मग पैसे वाचवा

बिल जास्त आलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढं बोललं कोण?" माझ्या मते सुरुवातच इथे चुकते. किती वेळ बोललात यापेक्षा कुठला नंबर फिरवलात आणि कंपनी वेळ कशी मोजते, यावर लँडलाइनचा आकडा जास्त ठरतो. मी लेखा विभागात काम करते. ऑफिसची टेलिफोन बिलं माझ्या टेबलावरून पुढे जातात आणि नातेवाइकांचीही "जरा नजर टाक गं" म्हणत माझ्याकडेच येतात. ती मी कशी तपासते, ते सांगते.

एकूण रकमेकडे आधी बघूच नका. पेन्सिल घ्या आणि बिलाचे तीन भाग पाडा. पहिला, फोन उचललाच नाही तरी लागणारा खर्च: लाइनचं भाडं, प्लॅनची रक्कम, उपकरणाचं भाडं, कॉलर आयडी किंवा व्हॉइसमेलसारख्या जादा सेवा. दुसरा, प्रत्यक्ष कॉलचा. तिसरा, कर आणि उशिराचा दंड. आता पहिल्या दोन बेरजा शेजारी शेजारी ठेवा. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असेल, तर घरच्यांना "कमी बोला" सांगून काहीही साधणार नाही. तिथे प्लॅनच बदलायला हवा आणि न वापरलेल्या सेवा बंद करायला हव्यात. व्हॉइसमेल कुणी कधी ऐकत नाही, पण त्याचे पैसे निमूटपणे जात राहतात. उपकरणाचं भाडं तर नक्की तपासा; जुनं यंत्र कधीच परत केलेलं असतं आणि त्याची ओळ बिलात तशीच असते.

दुसरा भाग मोठा निघाला तर कॉलवार तपशील मागवा. ऑनलाइन खात्यात बहुधा तो मिळतो. कागदावर हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे लागतात का, हे आधी विचारून घ्या.

एकच ओळ नीट बघा

तपशिलात प्रत्येक कॉलची एक ओळ असते: तारीख, वेळ, नंबर, कालावधी, आकार. समजा कालावधी आहे १ मिनिट १ सेकंद आणि आकार लागलाय २ मिनिटांचा. ही चूक नाही. मिनिटावर मोजणाऱ्या प्लॅनमध्ये सुरू झालेलं मिनिट पूर्ण धरतात. एका कॉलला हे किरकोळ वाटतं. पण ६५ सेकंदांचे २० कॉल केले तर बोलणं होतं २१ मिनिटं ४० सेकंद आणि बिल लागतं ४० मिनिटांचं. त्यातच काही प्लॅनमध्ये समोरच्यानं फोन उचलताच एक ठरावीक आकार लागतो, तोही वीस वेळा. आमच्या ऑफिसचे कॉल असेच: "माल निघाला का?", "हो", संपलं. अशा वापराला सेकंदावर मोजणारा आणि कॉलमागे जादा आकार नसलेला प्लॅन हवा, मग त्याचा मिनिटाचा दर थोडा जास्त दिसला तरी चालेल. आमच्या आत्याचं नेमकं उलटं. तिचे कॉल मोजकेच, पण बसली की तासभर. सुरू झालेलं मिनिट पूर्ण धरल्यानं तिला काही फरक पडत नाही. मिनिटाचा दर मात्र कमीच हवा. म्हणून शेजाऱ्यानं सुचवलेला प्लॅन डोळे मिटून घेऊ नका. तो त्याच्या बोलण्याच्या सवयीला बसतो, तुमच्या नाही.

काही बिलांत मिनिटांऐवजी युनिट दिसतात. ही पल्सची पद्धत. ठरावीक सेकंद उलटले की मोजणी एकानं पुढे सरकते. दोन ठिकाणांमधलं अंतर वाढलं की पल्स आखूड होतो, म्हणजे तेवढ्याच बोलण्यात युनिट जास्त पडतात. पल्स १८० सेकंदांचा असेल तर १८१व्या सेकंदाला दुसरं युनिट लागतं. अशा प्लॅनमध्ये घड्याळाकडे एक डोळा ठेवण्याला खरंच अर्थ आहे. (ग्राहकाकडच्या मीटरला ही मोजणी दाखवायला एक्सचेंज त्याच तारेवरून १२ किंवा १६ किलोहर्ट्झचा ध्वनिसंकेत पाठवत असे. टेलिफोनवरचं बोलणं साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये बसतं आणि तो संकेत फिल्टरनं गाळला जायचा, म्हणून बोलणाऱ्याला त्याचा पत्ताच लागत नसे.)

साधारणपणे रिंग वाजत असताना आकार लागत नाही, पलीकडून कॉल उचलला गेला की लागतो. पण उचलणारं माणूसच असावं असं नाही. व्हॉइसमेलनं उचललं तरी मीटर पडतं. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" ऐकत वीस मिनिटं काढलीत, तर तीही तुमच्याच खात्यात, नंबर टोल-फ्री नसेल तर. तेव्हा ग्राहक सेवेचा टोल-फ्री नंबर आहे का, हे डायल करण्याआधी शोधा. निरोप ठेवायचा नसेल तर व्हॉइसमेल लागायच्या आत फोन ठेवून द्या. आणि रिसिव्हर नीट बसला का ते बघा. काही एक्सचेंजमध्ये समोरच्यानं फोन ठेवला तरी, तुमचा खाली बसेपर्यंत कॉल थोडा वेळ चालूच धरला जातो.

नंबर बघून खर्च ओळखा

लँडलाइनवरून मोबाइलला लावलेला कॉल अनेक ठिकाणी महाग पडतो. तिथे कॉल ज्या नेटवर्कवर संपतो त्या कंपनीला तुमच्या कंपनीनं काही रक्कम द्यायची असते आणि मोबाइलसाठी ती बहुधा जास्त असते. "अमर्याद मोफत कॉल" वाचून हुरळून जाण्याआधी ते मोबाइलला लागू आहेत का, हे पाहा. ज्याच्याकडे दोन्ही नंबर आहेत त्याला लँडलाइनवर लावा. त्याच्या मोबाइलला अमर्याद कॉल असतील तर त्यालाच फोन करायला सांगा. लँडलाइनवर येणाऱ्या साध्या कॉलला तुम्हाला पैसे पडत नाहीत. यात संकोच कसला?

आयएसडीत, म्हणजे परदेशी कॉलमध्ये, खरी फसगत देशांच्या कोडांत असते. +१ म्हणजे अमेरिका, असं आपण धरून चालतो. पण तोच कोड कॅनडाला आणि कॅरिबियनमधल्या अनेक देशांनाही आहे. +१ नंतर ८७६ आलं तर तो नंबर जमैकाचा, ४७३ आलं तर ग्रेनाडाचा, आणि दर अमेरिकेपेक्षा खूप वेगळा असू शकतो. +७ रशिया आणि कझाकस्तान दोघांचा. +८७० आणि +८८१ हे उपग्रह फोनचे कोड, तिथले दर डोळे पांढरे करतात. +९७९ जादा दराच्या आंतरराष्ट्रीय सेवांसाठी राखलेला आहे. याउलट +८०० आंतरराष्ट्रीय टोल-फ्री. अनोळखी परदेशी नंबरवरून एकच रिंग वाजून बंद झाली तर उलट फोन लावू नका. तुम्ही लावावा आणि महागड्या नंबरावर अडकून राहावं, एवढ्याचसाठी ती रिंग दिलेली असते. परदेशी कुणी नसेलच तर कंपनीला सांगून आयएसडी आणि जादा दराचे नंबर बंद करून टाका.

परदेशात मुलं असतील तर दोन्हीकडे इंटरनेटवरून बोलणं सगळ्यात स्वस्त, हे सगळ्यांना माहीत आहेच. कॉलिंग कार्ड घेणार असाल तर मोठ्या अक्षरातला मिनिटाचा दर सोडा आणि बारीक अक्षरं वाचा: दर कॉलचा जोडणी आकार, किती मिनिटांच्या पटीत मोजणी, दर महिन्याला शिलकीतून कपात, मुदत.

कॉल फॉरवर्ड केलात तर लँडलाइनपासून मोबाइलपर्यंतच्या कॉलचे पैसे तुमच्यावर, फोन करणाऱ्यावर नाही. गावाला जाताना लावलेलं फॉरवर्डिंग आल्यावर आठवणीनं काढा. तिघांचं एकत्र बोलणं म्हणजे तुमच्या लाइनवरून दोन कॉल, दोघांचाही आकार चालू.

प्लॅन बदलताना मागची तीन बिलं समोर ठेवा आणि प्रत्येक नव्या प्लॅनचा दर त्याच कॉलना लावून बघा. तास गेला तरी चालेल. दोन बारीक गोष्टी विचारा. सवलतीच्या वेळेत कॉल सुरू झाला आणि वेळ संपल्यावरही चालू राहिला, तर पुढचा दर कुठला? आणि मोफत कॉलला एका वेळची मर्यादा आहे का? साठ मिनिटांची मर्यादा असेल तर आत्यानं अठ्ठावन्नाव्या मिनिटाला ठेवून पुन्हा लावायचा, एवढंच.

ऑफिसात ईपीएबीएक्स (सगळ्या टेबलांवरचे फोन जोडणारी अंतर्गत यंत्रणा) असेल तर रात्रीचे आणि सुट्टीच्या दिवसांचे कॉल वेगळे काढून पाहा. व्हॉइसमेलचा मूळ पासवर्ड कुणी बदललेला नसतो आणि बाहेरचे लोक त्यातून शिरून परदेशी नंबर लावतात. पासवर्ड बदला, बाहेरच्या लाइनला कोड लॉक लावा. ठरावीक वेळी रोज एकाच नंबरला जाणारा छोटा कॉल दिसला तर घाबरू नका, तो बहुधा अलार्म यंत्रणेचा असतो.

सगळं करूनही लँडलाइन परवडत नसेल तर खुशाल बंद करा. पण आधी अलार्म, फॅक्स किंवा लिफ्टमधला आपत्कालीन फोन त्याच लाइनवर नाही ना, याची खात्री करा. तांब्याच्या तारेतून एक्सचेंज ४८ व्होल्टचा वीजपुरवठा करतं, त्यामुळे घरातली वीज गेली तरी साधा फोन चालतो. फायबरवरचा चालत नाही, त्याला बॅटरी बॅकअप लागतो. नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा असेल आणि तशी सोय असेल तर जुनी लाइन बंद करण्यापूर्वीच अर्ज द्या. बंद करण्याचा अर्ज लेखी करा, पोच घ्या, यंत्र परत केल्याची पावती जपून ठेवा आणि अनामत रक्कम शेवटच्या बिलात वळती झाली का, ते तपासा.