गेम जॅममध्ये पहिल्यांदा उतरताय? या चुका टाळा

गेम जॅम म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात, दिलेल्या विषयावर गेम बनवायची स्पर्धा; भाग घेणारेच नंतर एकमेकांचे गेम खेळून मार्क देतात. कुठलाही मोठा ऑनलाइन जॅम संपला की पुढचे काही दिवस रात्रीची जेवणं उरकल्यावर मी नवख्या लोकांचे चार-पाच गेम खेळते. त्यात एखादा तरी असा निघतोच, की पानावरची चित्रं बघून हात शिवशिवतात आणि ‘रन गेम’ दाबलं की समोर नुसता काळा पडदा. बनवणाऱ्याने दोन रात्री जागून काढलेल्या असतात. त्याच्या लॅपटॉपवर गेम झकास चालत असतो. पण मार्क देणारे सगळे दुसऱ्या लॅपटॉपवर असतात, आणि ते अर्ध्या मिनिटात पुढच्या गेमकडे वळतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा दोष गेममध्ये नसतोच.

लुडम डेअर हा या प्रकारातला जुना जॅम, २००२पासून चालत आलेला. त्यात ‘कॉम्पो’ म्हणजे ४८ तास, एकट्याने, कोड-चित्रं-आवाज सगळं स्वतः केलेलं. आणि ‘जॅम’ म्हणजे ७२ तास, टीम चालते. जीएमटीके जॅम २०१७मध्ये सुरू झाला आणि तो इच डॉट आयओ या साइटवर भरतो. तासांचं गणित वेगवेगळं असतं, चुका मात्र सगळीकडे त्याच होतात.

अपलोड शेवटच्या तासावर ढकलणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून आधी हिच्याबद्दल. थीम, म्हणजे जॅमचा विषय, जाहीर झाली की पहिल्याच रात्री (बहुधा शुक्रवारी), कल्पना पक्की व्हायच्याही आधी, एक रिकामा गेम चढवा. पडद्यावर एक चौकोन आणि तो ॲरो कीजने हलतोय, एवढंच. वेब एक्सपोर्ट करा, म्हणजे ब्राउझरमध्ये चालेल असं रूप काढा, झिप करा, इचवर ड्राफ्ट पान बनवून त्यात टाका आणि स्वतः उघडून बघा. एवढं जमलं की वाटेतले निम्मे खड्डे शुक्रवारीच दिसतात.

हे खड्डे कसे असतात ते सांगते. मागच्या पावसाळ्यात मामेभावाचा रात्री साडेबाराला फोन आला. मुदत दीडची.

“ताई, सगळं काळंच दिसतंय. माझ्याकडे तर चालतंय!”

“एफ१२ दाब. कन्सोलमध्ये लाल ओळ आहे का?”

“आहे. प्लेयर डॉट पीएनजी सापडत नाही म्हणतंय. पण फाइल आहे ना फोल्डरमध्ये!”

“फोल्डरमध्ये नाव कसं लिहिलंयस?”

“कॅपिटल पीने.”

“आणि कोडमध्ये?”

तो क्षणभर गप्प झाला, मग नुसत्या कीबोर्डचा आवाज आला.

विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला फरक फाइलच्या नावात चालून जातो, वेब सर्व्हरला चालत नाही. म्हणून घरी चालणारा गेम चढवल्यावर आंधळा होतो. मामेभावाचा गेम फेजर या गेम बनवायच्या साधनात होता, पण गोडो या दुसऱ्या साधनातही एक्सपोर्ट केल्यावर हेच होतं. पहिल्या दिवसापासून सगळ्या फाइलींची नावं स्मॉल अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. नाव नंतर बदलायचं झालं तर विंडोजवर गिटला (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) नुसता कॅपिटलचा फरक बहुधा कळतच नाही. आधी भलतंच नाव द्या, कमिट करा (म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवा), मग हवं ते द्या.

बाकीचे खड्डे थोडक्यात. झिप करताना फोल्डरवर राइट क्लिक करू नका. फोल्डरच्या आत जा, सगळ्या फाइली निवडा आणि मग झिप करा, म्हणजे ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ सर्वात वर राहते. इचवर ‘ही फाइल ब्राउझरमध्ये खेळली जाईल’ या अर्थाचा एक चौकोन असतो, त्यावर टिक केली नाही तर खेळणाऱ्याला फक्त डाउनलोडचं बटण दिसतं. झिप उघडल्यावर आत १००० पेक्षा जास्त फाइली निघाल्या तर इच ती घेत नाही. आवाजाची अख्खी लायब्ररी प्रोजेक्टमध्ये ओतणारे इथे अडकतात. युनिटी या साधनात बनवलेला गेम लोडिंगच्या पट्टीवरच थांबला तर प्लेयर सेटिंग्जमध्ये ‘डीकॉम्प्रेशन फॉलबॅक’ चालू करून पुन्हा बिल्ड करा, म्हणजे चढवायच्या फाइली नव्याने तयार करा. युनिटीचं पहिलं वेब बिल्ड बराच वेळ खातं, हेही शुक्रवारी कळलेलं बरं. गोडो ४.० ते ४.२ वापरत असाल तर इचच्या पानावर ‘शेअर्ड अरे बफर’चा पर्याय निवडावा लागतो, ४.३पासून थ्रेड बंद ठेवून एक्सपोर्ट करता येतं, त्यामुळे ती कटकट गेली. आणि गोडो ४ मध्ये सी शार्पने लिहिणार असाल तर थांबा: निदान ४.४पर्यंत तरी असा गेम वेबसाठी एक्सपोर्ट होत नाही. रविवारी रात्री हे कळणं म्हणजे सगळं मुसळ केरात.

वेळेचा हिशेब

यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार रविवारी रात्री ८ म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे १.३०. पण जाहिरातीत ‘यूके टाइम’ लिहिलं असेल तर उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणजे आपल्याशी फरक साडेचार तासांचाच राहतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ उन्हाळ्यात साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. डोक्यात आकडेमोड करण्यापेक्षा जॅमच्या पानावरचं उलटं घड्याळ बघा. आणि खरी मुदत काहीही असो, आपली मुदत रविवारी संध्याकाळी सातची ठेवा. सोमवारी कामावर किंवा कॉलेजला जायचंच असतं.

वीज जाणार हेही धरून चाला, पावसाळ्यात तर नक्कीच. दर तासाला कमिट करा आणि लगेच पुश करा, म्हणजे कोड ऑनलाइन चढवून ठेवा. वायफाय गेलं तर फोनच्या हॉटस्पॉटवरून फाइल चढते का, तेही एकदा करून बघा.

कल्पना डोंगराएवढी घेणं

२०१३च्या ‘सेव्हन डे एफपीएस’ या जॅममध्ये जन्मलेल्या ‘सुपरहॉट’चा गाभा एका ओळीचा आहे: तुम्ही हललात तरच वेळ हलते. ‘बाबा इज यू’ २०१७च्या नॉर्डिक गेम जॅममधला. पडद्यावरचे शब्द ढकलायचे, की गेमचा नियमच बदलतो. ‘सेलेस्ट’चं मूळ रूप २०१५मध्ये पिको-८ या छोटे गेम बनवायच्या साधनावर दोघांनी चार दिवसांत केलं. नंतर हे गेम कितीही वाढले असले, तरी सुरुवातीला त्यांच्याकडे एकच नियम होता आणि तो खेळायला मजा येत होती.

नवखे लोक मात्र शनिवारची सकाळ मेनू, सेटिंग्ज, सेव्ह आणि इन्व्हेंटरीवर घालवतात. मी स्वतः एका जॅममध्ये अकरा तास संवादांची यंत्रणा लिहिली. त्यात बोलायला पात्रं दोनच होती, आणि लढाई करायला वेळच उरला नाही. तेव्हापासून माझा नेम आहे: शनिवारी दुपारी जेवायला उठायच्या आधी गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता आला पाहिजे. चित्रांऐवजी रंगीत चौकोन असले तरी चालतील. तसं होत नसेल तर जेवून आल्यावर कल्पना अर्ध्याने छाटते. छाटताना जीव तुटतो, तरी छाटते.

चित्रं काढता येत नसतील तर केनी या नावाने मिळणारे मोफत संच घ्या, ते सीसी-झिरोखाली आहेत, म्हणजे परवानगी न मागता वापरता येतात. अर्थात जॅमचा नियम आधी वाचा, कारण लुडम डेअरच्या कॉम्पोमध्ये तयार चित्रं चालत नाहीत. उडी-धडक-स्फोटाच्या आवाजांसाठी ‘एसएफएक्सआर’ हे छोटं साधन दोन मिनिटांत काम करतं. ते २००७मध्ये लुडम डेअरच्याच एका फेरीसाठी बनवलेलं आहे.

‘क्लिक करून सुरू करा’ हे बटण न ठेवणं

पान उघडताक्षणी गेम सुरू झाला तर दोन गोष्टी बिघडतात. खेळणाऱ्याने काही दाबल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजू देत नाही, त्यामुळे संगीत मुकं राहतं. दुसरं म्हणजे कीबोर्डचा ताबा गेमकडे आलेलाच नसतो. ॲरो की दाबली की पात्र जागचं हलत नाही आणि पानच वर-खाली सरकतं. सुरुवातीला एक मोठं बटण ठेवलं की त्या एका क्लिकने दोन्ही प्रश्न सुटतात. त्या बटणाखालीच कोणती की काय करते ते लिहा.

वेगाचंही तसंच. हालचाल डेल्टा टाइमने, म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळेने, गुणलेली नसेल तर १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर तुमचं पात्र तुमच्या ६० हर्ट्झच्या स्क्रीनपेक्षा दुपटीहून जास्त वेगाने पळेल.

मराठी मजकूर तसाच सोडणं

गेममध्ये मराठी घालाच, माझी मनापासून इच्छा आहे. पण पहिल्या रात्रीच्या त्या रिकाम्या गेममध्ये ‘किल्ल्याची क्षत्रिय स्त्री’ असं काहीतरी जोडाक्षरांनी भरलेलं लिहून तपासा. युनिटीत मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. तिथे शीर्षकं चित्र म्हणून घालणं हा सोपा उपाय. गोडो ४ देवनागरी नीट जुळवतं, पण वेबवर त्याला सिस्टीमचे फॉन्ट मिळत नाहीत आणि अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हा फॉन्ट प्रोजेक्टमध्येच ठेवून द्या.

दुसऱ्याच्या हाती न देणं

रविवारी दुपारी घरातल्या कुणाला तरी बसवा आणि तुम्ही तोंड मिटून मागे उभे राहा. माझ्या भाचीने पहिल्याच पडद्यावर टोकदार काटे फुलं समजून गोळा करायला धाव घेतली आणि तीनदा मेली. मी ते दोन दिवस बघत होते, मला ते काटेच दिसत होते. लाल रंग दिला आणि पहिला काटा दोन पावलं लांब सरकवला, दहा मिनिटांचं काम. तुम्हाला फारच सोपा वाटेल इतका गेम सोपा करा. तुम्ही तो गेम शेकडो वेळा खेळलेले असता. बाकीचे एकदाच खेळणार.

पान बनवलं म्हणजे गेम दिला असं समजणं

इचवर गेमचं पान बनवणं आणि तो जॅममध्ये सबमिट करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पान ड्राफ्टमधून पब्लिक करा, मग जॅमच्या पानावर जाऊन सबमिटचं बटण दाबा. त्यानंतर इनकॉग्निटो विंडो उघडून, लॉगिन न करता, स्वतःचा गेम जॅमच्या यादीतून शोधून खेळून बघा.

पुढच्या काही दिवसांत इतरांचे गेम खेळून मार्क द्यायला बसा. लुडम डेअरमध्ये किमान २० जणांचे मार्क मिळाल्याशिवाय क्रमांक लागत नाही, आणि तुम्ही जितके गेम तपासाल तितका तुमचा गेम लोकांसमोर येतो. इचवर मध्यकापेक्षा (जॅममधल्या सगळ्या गेमच्या मतसंख्या ओळीने लावल्या तर मधोमध येणाऱ्या आकड्यापेक्षा) कमी जणांनी मार्क दिले तर एकूण गुण खाली ओढले जातात. मामेभावाला त्या फेरीत सुरुवातीला सहाच मतं होती. रोज संध्याकाळी दहा गेम खेळून प्रत्येकाला नीट दोन-तीन ओळी लिहायला लागल्यावर आठवडाभरात ती एकतीसवर गेली, आणि त्यातल्या एकाने पुढच्या जॅमसाठी त्याला टीममध्ये बोलावलं.