भूविज्ञान आणि पर्यावरणशास्त्र : पदवीचा आराखडा कसा आखावा

भूविज्ञान आणि पर्यावरणशास्त्र या दोन विषयांची नावे प्रवेशाच्या माहितीपत्रकात शेजारी शेजारी दिसतात. दोन्हींत माती, पाणी आणि खडक येत असल्यामुळे कोणताही एक घेतला तरी पुढे फारसे बिघडत नाही, असा अनेक विद्यार्थ्यांचा आणि पालकांचा समज होतो. आराखडा आखताना आधी हा समज दूर करावा. संघ लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ येथे नेमणुका होतात. तिच्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते, आणि भूवैज्ञानिकाच्या पदासाठी ती भूविज्ञानातील किंवा त्याच्या निकटच्या शाखेतील असावी लागते. पर्यावरणशास्त्रातील पदवी तेथे चालत नाही. प्राध्यापकी आणि संशोधनाच्या पात्रता परीक्षाही वेगळ्या आहेत : भूविज्ञानाची परीक्षा सीएसआयआर-नेटमध्ये येते, तर पर्यावरणशास्त्राची यूजीसी-नेटमध्ये. उलट दिशेची वाट मात्र बरीच मोकळी आहे, कारण पर्यावरणशास्त्राच्या अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना विज्ञानाच्या विविध शाखांतील पदवीधर चालतात. म्हणून ज्याला दोन्ही विषयांची ओढ आहे, त्याने भूविज्ञान मुख्य विषय आणि पर्यावरणशास्त्र दुय्यम विषय अशी जोडणी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याचे मन जैवविविधतेत किंवा पर्यावरणविषयक कायद्यात रमते, त्याच्यासाठी अर्थातच हा सल्ला नाही.

तयारी अकरावीतच सुरू होते. महाराष्ट्राच्या उच्च माध्यमिक अभ्यासक्रमात भूशास्त्र, म्हणजेच भूविज्ञान, हा विषय आहे, पण तो शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालये मोजकीच आहेत. तो मिळाला नाही तर खंत करू नये, कारण पदवीचे वर्ग बहुधा अगदी प्राथमिक पायरीपासूनच सुरू होतात. गणित मात्र सोडू नये. खडकांचा विषय म्हणजे पाठांतराचा विषय असे समजून जीवशास्त्रासाठी गणित टाकणारे विद्यार्थी पुढे भूभौतिकी, भूजलाचा प्रवाह आणि भूरसायनाची आकडेमोड समोर आली की अडखळतात. भूभौतिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी तर गणित आणि भौतिकशास्त्र यांच्याशिवाय गत्यंतर नाही.

महाविद्यालय निवडताना पुण्याचे फर्ग्युसन, मुंबईचे सेंट झेवियर्स, मडगावचे चौगुले ही भूविज्ञानाची परंपरा असलेली नावे सर्वांना ठाऊक असतात. राष्ट्रीय पातळीवर पुणे, भोपाळ आणि कोलकाता येथील आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन) संस्थांत पृथ्वीविज्ञानाचे विभाग आहेत, पण तेथील प्रवेश वेगळ्या अभियोग्यता परीक्षेतून होतो. खरगपूर आणि धनबाद येथील आयआयटींच्या भूविज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी जेईई अॅडव्हान्स्ड द्यावी लागते. नाव कितीही मोठे असो, विभागात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : वर्षातून किती दिवस क्षेत्रकार्य असते, ते कोठे असते, आणि खडकांचे पातळ छेद पाहण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला सूक्ष्मदर्शक येतो का.

यांपैकी दुसरा प्रश्न महाराष्ट्रात फार महत्त्वाचा आहे. राज्याचा चार-पंचमांशांहून अधिक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेल्या बेसॉल्टने, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाने, व्यापलेला आहे. पुण्याहून नाशिकला जा, सोलापूरला जा किंवा छत्रपती संभाजीनगरला जा, पायाखाली खडक तोच. त्याच्या पोकळ्यांतील झिओलाइट आणि गारगोटीचे सुंदर स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले असले, तरी तीन वर्षे केवळ सह्याद्रीच्या पायऱ्या-पायऱ्यांचे थर मोजणाऱ्या विद्यार्थ्याला वळ्या पडलेला, उलटलेला किंवा दुमडलेला खडक कसा ओळखायचा हे हाताला कळतच नाही. म्हणून पश्चिम महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने क्षेत्रभेटींचा स्वतःचा आराखडा आखावा. सिंधुदुर्गात कलादगी समूहाचे गाळाचे खडक आणि त्यांच्याखालचे प्राचीन रूपांतरित खडक दिसतात, तर गोव्यात लोहखनिज आणि जांभा एकत्र पाहता येतो. नागपूरकरांची चैन काही औरच : मँगनीज देणारे रूपांतरित खडक, कामठीचा कोळशाचा पट्टा, लॅमेटा हे गाळाच्या खडकांचे थर आणि वर बेसॉल्ट, हे सारे शहराच्या आसपास सापडते. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेले विवर तर दोन्ही विषयांचा एकत्र पाठ आहे, कारण २०२० पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. प्रत्येक फेरीत हातोडा, भिंग, कलमापक होकायंत्र आणि जाड पुठ्ठ्याची वही बरोबर असावी. मोबाइलमधील छायाचित्रांवर विसंबून जो हाताने रेखाटन करत नाही, त्याला घरी आल्यावर कोणता थर कोणत्या थरावर होता हे आठवत नाही.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ श्रेयांकांची (क्रेडिट्सची), तर चार वर्षांची ऑनर्स पदवी १६० ते १७६ श्रेयांकांची आहे. संशोधनासह ऑनर्स हवे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण अपेक्षित असतात, त्यामुळे पहिल्या वर्षीची ढिलाई चौथ्या वर्षी भोवते. दुय्यम विषय म्हणून पर्यावरणशास्त्र घेतल्यावर उरलेल्या ऐच्छिक जागा संख्याशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौगोलिक माहिती प्रणाली (जीआयएस) यांनी भराव्यात. या शेवटच्या गोष्टीसाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही : क्यूजीआयएस विनामूल्य आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावर भूवैज्ञानिक नकाशे पाहता येतात आणि इस्रोच्या भुवनवर उपग्रह प्रतिमा मिळतात.

दोन्ही विषय खऱ्या अर्थाने एकत्र येतात ते भूजलात, आणि पदवीच्या प्रकल्पासाठी याहून हाताशी असलेला विषय महाराष्ट्रात दुसरा नाही. एका शेतकऱ्याच्या बोअरला पाणी लागते आणि पन्नास पावलांवरची शेजाऱ्याची बोअर कोरडी जाते, याचे कारण असे की घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी साठत नाही. ते मुरूम झालेल्या भागात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत साठते. आपल्या गावातील पंधरा-वीस विहिरी निवडाव्यात, त्यांची स्थाने नकाशावर घ्यावीत, मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये फितीने पाण्याची पातळी मोजावी, विहिरीच्या भिंतीत दिसणारे थर वहीत काढावेत आणि पाण्याची क्षारता व नायट्रेट महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासावे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात; आपली मोजमापे त्यांच्याशी ताडून पाहावीत. विहीरमालकाला विचारल्याशिवाय फीत सोडू नये, आणि निष्कर्ष त्याला त्याच्या भाषेत सांगितल्याशिवाय प्रकल्प पुरा झाला असे मानू नये.

प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यापासून अर्ज करावेत. या बाबतीत नागपूरची बरोबरी करणारे शहर राज्यात नाही : भारतीय खाण ब्युरो, मँगनीज काढणारी मॉइल, कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि पर्यावरण संशोधन करणारी नीरी या सर्वांची मुख्यालये तेथे आहेत, शिवाय भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे कार्यालयही आहे. पर्यावरणाकडे कल असलेल्यांनी परिणाम मूल्यांकन करणाऱ्या सल्लागार संस्थांचा विचार करावा. २००६ च्या अधिसूचनेनुसार खाणींसह अनेक प्रकल्पांना पूर्वमंजुरी लागते, आणि मूल्यांकनाच्या चमूत भूविज्ञान व भूजल यांचे जाणकारही लागतात. या कामात भूविज्ञानाचा पाया पक्का असलेल्याला वेगळी किंमत मिळते. पर्यावरणशास्त्र दुय्यम ठेवण्याच्या सल्ल्यामागे हेही एक कारण आहे.

तिसऱ्या वर्षाचे पाचवे सत्र सर्वांत धावपळीचे जाते. आयआयटींच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची जॅम परीक्षा फेब्रुवारीत होते आणि तिचे अर्ज आदल्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरावे लागतात. अंतिम वर्षाचे विद्यार्थीही ती देऊ शकतात. चौथे वर्ष करायचे की तिसऱ्या वर्षानंतर दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जायचे, हा निर्णय त्यामुळे पाचवे सत्र सुरू होण्याआधीच घ्यावा लागतो. तो घेताना ज्या संस्थेत पुढे जायचे आहे तिथला प्रवेश-पात्रतेचा तक्ता छापून टेबलावर ठेवावा आणि आपल्या गुणपत्रिकांतील विषय त्याच्याशी एकेक करून ताडावेत, कारण काही ठिकाणी तीनही वर्षे भूविज्ञान शिकलेले असणे आवश्यक असते, आणि एखाद्या सत्रात विषय सुटला असेल तर तो भरून काढण्यासाठी पाचवे आणि सहावे ही दोनच सत्रे हाती उरतात.