ब्रेक ऑइल : या चुका टाळा, निदान घाट उतरण्याआधी

"डबीत मॅक्सपर्यंत आहे की, मग बदलायचं कशाला?" बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीकडे बोट दाखवून म्हटलेलं हे वाक्य ऐकून ऐकून मला पाठ झालंय. चाळीसगावात गॅरेज टाकलं की कन्नडच्या घाटाचं गिऱ्हाईक आपोआप येतं, आणि त्यातल्या निम्म्या लोकांचा हाच प्रश्न असतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डबीच्या झाकणातून आणि चाकाकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांतून ती आत शिरत राहते, गाडी दारात उभी असली तरी. लेव्हल तीच दिसते. फरक पडतो उकळण्यात. डॉट 3 या प्रतीचं ऑइल नवं असताना किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात 3.7 टक्के पाणी गेलं की हमी उरते 140 अंशांची. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. भरलेली गाडी घेऊन ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरलात तर कॅलिपरपाशी, म्हणजे चाकात ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागापाशी, एवढी उष्णता सहज तयार होते.

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. सात सीटची गाडी, माणसं सातापेक्षा जास्त, टपावर आहेराची भांडी. छत्रपती संभाजीनगरकडून लग्न उरकून येत होते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल. अर्ध्या घाटात पेडल मऊ लागायला लागलं आणि पुढच्या वळणावर पार फ्लोअरला टेकलं. चालवणारा पोरगा हुशार म्हणायचा. हँडब्रेक हळूहळू ओढत आणि डोंगराच्या बाजूला गाडी घासत त्याने ती थांबवली. डावा आरसा आणि दोन दरवाजे गेले, माणसं वाचली.

खरी गंमत पुढे आहे. अर्धा तास गाडी थंड झाली आणि पेडल पुन्हा कडक! ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक शहाण्यासारखा वागू लागतो. माझ्याकडे आले ते फक्त दरवाजे ठोकायचे किती घेणार हे विचारायला. ब्रेकचं नाव काढलं तर गाडीमालक म्हणतो, "आते ते चांगला लागी ऱ्हायना ना, नाना!" म्हणजे आता तर ब्रेक चांगला लागतोय. मी पुढच्या चाकाचं निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, सैल करून ऑइल काचेच्या ग्लासात काढलं. चहासारखं काळपट, तळाला गाळ. पाच वर्षांत एकदाही बदललेलं नव्हतं. मग मात्र कोणी काही बोललं नाही.

तेव्हा दोन वर्षांनी बदला, गाडी चाललेली असो वा नसो. गाडीच्या पुस्तिकेत याहून कमी मुदत दिली असेल तर ती पाळा. जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या वर जातो म्हणून ऑइल उन्हाने उकळतं असं समजणारे आमच्याकडे बरेच आहेत. उन्हाचा वाटा किरकोळ. पाणी मुरतं ते पावसाळ्यात आणि उकळतं ते ब्रेकच्या उष्णतेने. मी स्वतः मार्चमध्ये बदलतो. हवा कोरडी असते आणि लग्नाच्या फेऱ्या सुरू व्हायच्या असतात. तारीख कागदी टेपवर लिहून बॉनेटच्या आतून चिकटवतो, कारण बिलं हरवतात. आणि घाट ज्या गियरमध्ये चढता त्याच गियरमध्ये उतरा. नवं ऑइल हा न्यूट्रलमध्ये उतरायचा परवाना नाही.

रंगावरून निर्णय घेणं ही त्याच्या पाठोपाठची चूक. काळं झालेलं ऑइल बदलाच, पण पिवळं स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असू शकतं. पाणी मोजायचं पेन मिळतं. ते डबीतलं ऑइल तपासतं. कॅलिपरमधलं त्याहून वाईट असतं.

यावरूनच सिरिंजवाल्यांकडे येतो. डबीतलं जुनं सिरिंजने ओढलं, नवं ओतलं, दहा मिनिटांत "ऑइल चेंज". इंजिन ऑइलसारखं हे फिरत नाही. चाकापाशी जे जळलेलं आहे ते तिथेच राहतं. चारही निपलांतून नवं ऑइल येईपर्यंत जुनं बाहेर काढायचं, याला शॉर्टकट नाही. असा शॉर्टकट मारणाऱ्याला पैसे देण्यापेक्षा त्या पैशांची भरताची वांगी घ्या.

कोणतं टाकायचं? डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेवढं वाचा. डॉट 3 च्या गाडीला डॉट 4 चालतं, उलट करू नका. डॉट 5.1 हे 3 आणि 4 मध्ये मिसळतं. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं, वेगळ्याच जातीचं. एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, गाडीत तर नकोच. आकडा मोठा म्हणून माल भारी असं समजून कोणी ते मागवलं की माझं डोकं फिरतं.

दुसरं टोक म्हणजे मिळेल ते ओतणारे. एका पिकअपवाल्याने रावेरहून केळी भरून निघताना लेव्हल कमी दिसली म्हणून पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं. "ऑइल ते ऑइल." माझ्याकडे टोचन करून आणली तेव्हा ब्रेक लावलेलेच होते, सुटत नव्हते. झाकण उघडलं तर आतलं रबर फुगून झालरीसारखं झालेलं, परत खाचेत बसेना. झाकणाचं रबर असं झालं की मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलला देणारा पंप), कॅलिपर, नळ्या, सगळीकडचं रबर गेलं असं धरायचं. धुऊन भागत नाही, प्रत्येक रबर बदलावं लागतं. तुमच्या हातून असं झालं तर गाडी चालवून गॅरेजला आणू नका. पेडल दाबूही नका, म्हणजे ते खाली पसरणार नाही.

लेव्हल उतरली की आधी पॅड पाहा. पॅड झिजले की ऑइल कॅलिपरमध्ये उतरतं. वर भरून ठेवलंत तर नवे पॅड बसवताना तेच बाहेर सांडतं आणि बॉनेटखालचा रंग उचलतं. सांडलं तर लगेच भरपूर पाणी मारा. पॅड चांगले असून लेव्हल उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ओल शोधा.

फोडलेली बाटली वर्षभर फळीवर ठेवून पुन्हा वापरू नका. मी लहान बाटल्या घेतो, उरलेलं टाकून देतो. टाकतो म्हणजे जुन्या कॅनमध्ये, गटारात नाही.

घरी व्हिडिओ बघून ब्रेकच्या नळ्यांतली हवा (एअर) काढणाऱ्यांसाठी थोडक्यात. निपल घट्ट झाल्याशिवाय पेडलवरचा पाय सोडू नका. डबी रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लावावा लागतो. जुन्या गाडीत पेडल फ्लोअरपर्यंत दाबलं की मास्टर सिलिंडरचं रबर गंजलेल्या भागावर घासून फाटू शकतं, म्हणून मी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो. निपलला रिंग पाना लावा. पकड लावून गोल केलेलं निपल माझ्याकडे आणलंत तर ते काढायची मजुरी वेगळी पडेल.

आणि हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावरचा, क्लच याच डबीतून चालत असेल तर त्याचंही ऑइल काढा. गॅरेजवाला विसरला तर तुम्ही आठवण करा.