घरशाळेतील लहान मुलांना वर्षाला विज्ञान किती शिकवावे?

जून लागला की मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांची एक ठरावीक चलबिचल सुरू होते. शेजारची मुलगी तिसरीचे परिसर अभ्यासाचे कोरे पुस्तक दाखवायला येते आणि आपल्या मुलाचे काही राहून तर जात नाही ना, ही शंका मनात घर करते. भाषा आणि गणित यांची चढण निदान डोळ्यांना दिसते. जोडाक्षरे वाचता आली, हातच्याची वजाबाकी जमली, की मूल कुठवर आले ते समजते. विज्ञानाची चढण अशी दिसत नाही. त्यामुळे काही जण अख्खे पाठ्यपुस्तक उरकून टाकतात, तर काही जण ‘मोठे झाल्यावर बघू’ म्हणून ते बाजूला ठेवतात.

आमच्या घरी पहिल्या वर्षी मुलीचे वय सात होते आणि मी पाठ मोजण्याची चूक केली. दिवाळीपर्यंत वीसहून अधिक पाठ ‘झाले’. संक्रांतीच्या सुमारास तिला सहज विचारले, की अंगणात वाळत घातलेल्या ओल्या परकरातले पाणी गेले कुठे. तिने बाष्पीभवनाची व्याख्या अचूक म्हटली आणि पुढे सांगितले, की पाणी जमिनीत मुरले. परकर दोरीवर होता. त्या दिवसापासून मी पाठ मोजणे सोडले आणि मूल वर्षभरात किती प्रश्न शेवटपर्यंत नेऊ शकते, तेवढेच मोजू लागले. शेवटपर्यंत म्हणजे स्वतः पाहणे, अंदाज बांधणे, करून बघणे, अंदाज चुकला तर तो का चुकला हे बोलणे आणि काही महिन्यांनी तीच गोष्ट न पढवता सांगता येणे.

आता वेळेचा हिशेब. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस व 800 तास, तर सहावी ते आठवीसाठी 220 दिवस व 1000 तास अध्यापन सांगितले आहे. हा मापदंड शाळांसाठी आहे. एका वर्गात अनेक मुले, हजेरी, रांगा, वह्या तपासणे हे सारे त्यात धरलेले असते. घरी एका मुलासमोर एक मोठे माणूस बसते, त्यामुळे तेवढे तास भरण्याच्या मागे लागू नये. आम्ही वर्षाचे 40 आठवडे धरतो. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी विज्ञानाचा वेगळा तास ठेवतच नाही, रोजची वीसेक मिनिटे बाहेरची असतात. सात-आठ वर्षांच्या मुलाला आठवड्यातून एक तास पुरतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी पाऊण तासाच्या दोन बैठका, म्हणजे वर्षाला सुमारे 60 तास होतात. त्याहून अधिक वेळ मूल स्वतः मागत असेल तर द्यावा, पण वेळापत्रकात लिहू नये, कारण लिहिलेला वेळ भरावा लागतो.

इतक्या तासांत प्रश्न किती बसतात? आमच्या अनुभवाने सात-आठ वर्षांच्या मुलाचे वर्षाला तीन आणि नऊ-दहाच्या मुलाचे पाच ते सहा. ही संख्या अनेकांना फार कमी वाटते, मलाही वाटली होती. तरीही पाठ्यपुस्तक टाकून देऊ नये. ते निवडीसाठी फार उपयोगी पडते. बालभारतीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक घ्यावे, अनुक्रमणिका उघडावी आणि पेन्सिलीने तीन प्रकारच्या खुणा कराव्यात. जे आपल्या घरात, शेतात वा गल्लीत प्रत्यक्ष दिसते त्याला टिंब, जे थोड्या सामानाने करून दाखवता येते त्याला रेघ, आणि जे केवळ शब्दांनीच सांगावे लागते त्याला काहीच नाही. प्रश्न टिंबांतून निवडावेत, रेघांपैकी त्यांच्याशी जुळणाऱ्या जोडाव्यात. उरलेले पाठ गोष्टीसारखे वाचून दाखवले तरी चालतात, त्यांचा हिशेब ठेवू नये.

खान्देशात वर्षाची विभागणी हवामानच करून देते. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, दुपारी दारे-खिडक्या बंद असतात आणि मूल चिडचिडे होते. त्या दिवसांत नवा विषय काढण्यात अर्थ नाही. म्हणून मृगापासून पोळ्यापर्यंत पाणी, माती व बी-बियाणे, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत अन्न, उष्णता आणि कीटक, आणि नंतर आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) सावली व आकाश अशी ढोबळ वाटणी आम्ही करतो. कापसाच्या बोंडातली गुलाबी अळी काचेच्या बरणीत बोंडासकट ठेवली, वर मलमलीचे फडके बांधले, की पतंग बाहेर येईपर्यंतचा सगळा प्रवास मुलासमोर घडतो. (घरातल्या मोठ्यांना ही बरणी आवडेलच असे नाही.) भरताची वांगी पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर) भाजण्याआधी त्यांना टोचे का मारतात, बिबड्यांसाठी (ज्वारीच्या पापडांसाठी) भिजवलेल्या ज्वारीला आंबूस वास कशाने येतो, कच्च्या केळ्यांसोबत डब्यात एक पिकलेले केळे ठेवले तर ती लवकर का पिकतात, हे प्रश्न रावेर-यावलच्या घरात कुणाला शोधत बसावे लागत नाहीत. पिकणाऱ्या केळ्यातून इथिलीन वायू सुटतो, हे उत्तर आठ वर्षांच्या मुलाला लगेच देण्याची घाई मात्र करू नये. त्याने आधी एक डबा बंद, एक उघडा ठेवून दिवस मोजावेत.

प्रमाणाचा खरा कस लागतो तो एकाच विषयाची खोली ठरवताना. पाण्याचेच उदाहरण घ्यावे, कारण आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येणार हा घरातला रोजचा विषय असतो. पाच वर्षांच्या मुलाने तापीच्या पुराचे गढूळ पाणी काचेच्या पेल्यात भरावे, ते रात्रभर ठेवावे आणि सकाळी तळाशी काय बसले ते बघावे, एवढेच पुरे. सात वर्षांच्या मुलाने दोन पेले घ्यावेत, एकात तुरटी फिरवावी, दुसरा तसाच ठेवावा, आणि कोणता आधी निवळतो याचा अंदाज पाणी हलवण्याआधी सांगावा. नऊ वर्षांच्या मुलाने तुरटी किती वेळ फिरवली ते मोजून वहीत नोंदवावे, निवळलेले पाणी पिण्याजोगे झाले का हे विचारावे आणि निवळणे वेगळे, जंतू मरणे वेगळे, हा फरक शिकावा. त्याच वर्षी नकाशात मुलताईजवळून निघालेली तापी पश्चिमेला वाहत खंभातच्या आखातात कशी जाते आणि हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी पावसाळ्यात का येते, हेही जुळते. मातीच्या कणांवरचा विद्युतभार आणि तुरटीतील ॲल्युमिनिअमचे काम या गोष्टी त्याहून बऱ्याच नंतरच्या आहेत. सात वर्षांच्या मुलाला त्या सांगता येतात, पण तेव्हा तो फक्त शब्द पाठ करतो. विषय दर दोन वर्षांनी परत येणार आहे हे एकदा ठरले, की या वर्षी काय सोडायचे याची भीती बरीच कमी होते.

अकराव्या वर्षापासून मात्र हात सैल सोडू नये. राज्य मंडळाच्या पुस्तकांत सहावीपासून सामान्य विज्ञान हा स्वतंत्र विषय येतो. मापन, पदार्थांचे गुणधर्म, बल यांची मांडणी क्रमाने होते आणि तिथे एक पायरी गाळली तर पुढची अडते. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची आठवी किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा देण्याचा विचार असेल (नंतरच्या परीक्षेसाठी किमान वय 14 आहे), तर सहावीपासून आठवड्याला तीन-चार तास आणि पुस्तक पूर्ण करण्याची शिस्त ठेवावी.

वर्ष चालू असताना प्रमाण कमी-जास्त झाले हे ओळखण्यासाठी परीक्षेची गरज नाही. तीन महिन्यांपूर्वीचा एखादा प्रश्न मुलाला आजीला किंवा मामाला समजावून सांगायला लावावा. तो व्याख्येने सुरुवात करत असेल तर आपण फार भरले आहे. पुढचा विषय थांबवून मागच्यासाठी दोन आठवडे द्यावेत. उलट, मूल रोज प्रश्न विचारते आणि आपण ‘नंतर बघू’ म्हणतो असे वारंवार होत असेल, तर आपण फार कमी ठेवले आहे. दोन भावंडे असतील तर प्रश्न एकच ठेवावा, खोली वेगळी ठेवावी. अन्यथा पालकाचीच दमछाक होते.

उजळणीसाठी आमच्याकडे मे महिन्याचा शेवटचा आठवडा राखलेला असतो. जळगाव साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने 25 मेच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर येतो. घड्याळात बारा नव्हे, तर साडेबाराच्या थोडे आधी अंगणात उभी केलेली काठी सावलीविना दिसते. जुलैच्या मध्यातही हा योग येतो, पण तेव्हा आभाळ बहुधा भरलेले असते. धाकट्याने पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा तो घरात ओरडत आला, ‘माय, मनी सावली कथी गयी?’ (आई, माझी सावली कुठे गेली?) जानेवारीपासून दर पंधरा दिवसांनी काठीच्या सावलीच्या टोकाला खडा ठेवलेल्या मोठ्या मुलीने त्याला खड्यांची रांग दाखवून उत्तर दिले, आणि तो प्रश्न त्या वर्षाच्या हिशेबात पुरा झाला.

पुढच्या जूनला नवे पुस्तक आणण्याआधी गेल्या वर्षीची वही उघडावी. जे प्रश्न पुरे झाले त्यांवर तारखेसह खूण करावी, जे अर्धवट राहिले ते नव्या वर्षाच्या यादीत पहिले लिहावेत, आणि उरलेल्या जागा तेवढ्या नव्या प्रश्नांनी भराव्यात.